मंगल कार्यालयातलं तीन अंकी नाटक

मी नाटकात गेले ती आवाजामुळे. दिसण्यामुळे नाही, हे मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगण्यात आलं.

बीडच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी नोकरीला होते. गाड्यांच्या घोषणा करणं हे माझं काम नव्हतं. ते करणाऱ्या साहेबांचा घसा एका दिवाळीच्या गर्दीत बसला तो पुरता सुधारलाच नाही, म्हणून माइक माझ्याकडे सरकवण्यात आला. आधी चार दिवसांसाठी म्हणून, मग कायमचा. स्टँडवरचे कर्णे चारी दिशांना तोंड करून होते, त्यामुळे माझा आवाज कोर्टापर्यंत जायचा आणि वारा तसा असला तर दवाखान्यातल्या वॉर्डातही. ‘मांजरसुंबामार्गे नेकनूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे’ हे वाक्य शहरात पुष्कळांना पाठ होतं. भाजी घेताना मी तोंड उघडलं की भाजीवाली विचारायची, “नेकनूर का?”

नेकनूर माझं सासर. सासू-सासरे तिथे शेती बघायचे आणि आम्ही, म्हणजे मी, माझे मिस्टर आणि आमची मुलगी, बीडला दोन खोल्यांत राहायचो. मिस्टर पाटबंधारे खात्यात होते. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, म्हणजे म्हणायला पाहिजे होतं. प्रत्यक्षात त्यांच्यासमोर मी बोलत नसे. ते माझ्याशी बोलत ते सासूबाईंमार्फत. मी समोर उभी असले तरी ते सासूबाईंकडे बघून म्हणत, “तिला म्हणावं, च्यात साखर कमी टाक.” सासूबाई माझ्याकडे बघत, आणि मी साखर कमी टाकत असे. लग्नाला सात वर्षं झाली होती. भांडण नव्हतं. पद्धत होती. ते कोर्टाच्या किंवा बाजाराच्या कामाला बीडला आले, की बसमधून उतरल्या उतरल्या त्यांना माझा आवाज मात्र ऐकावाच लागे. त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

एक दिवस दुपारी खिडकीशी एक चष्मेवाले गृहस्थ आले. कोर्टात स्टेनो होते. त्यांच्या हातात कागद होता.

“मॅडम, एवढं एक वाक्य वाचून दाखवता?”

मी कागद पाहिला. सगळ्या वाकड्यातिकड्या रेघा.

“ही कोणती भाषा?”

“मराठीच आहे. लघुलिपीत आहे. माफ करा, सवय.” त्यांनी कागद परत घेतला आणि स्वतः वाचला. “‘हॅलो, मामा, मी बोलतेय. जेवलात का?’ हे जरा म्हणा. काचेतून नको, माइकवरही नको. नुसतं म्हणा.”

मी म्हटलं. मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, “बाई, मी जेवलो. गेवराईची गाडी कवा हाय ते सांगा.”

स्टेनो फार खूश झाले. त्यांनी नाटक लिहिलं होतं, तीन अंकी, आणि तेच बसवणार होते. सुनेचं काम करायला बाई मिळत नव्हती. “बायका आहेत शहरात,” ते म्हणाले, “पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाणारी एकच आहे. आमच्याकडे दोन माइक आहेत. त्यातला एक बंद असतो.”

मी विचारलं, “आणि चेहरा?”

“तो मागच्या खुर्चीवरून दिसतच नाही,” ते म्हणाले.

त्या वर्षांत शहरात रोज काहीतरी नवं येत होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ झाले होते, गल्लीतून खांबाखांबाला केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या. ज्यांनी फोनसाठी अर्ज करून तो विसरून टाकला होता, त्यांच्या घरी एके दिवशी अचानक माणूस येऊन फोन बसवून जायचा. नाटक त्यावरच होतं. एका म्हाताऱ्याच्या घरी कित्येक वर्षं वाट पाहून फोन येतो. सगळी आळी बघायला येते. पेढे वाटले जातात. मग म्हातारा फोनजवळ बसून राहतो आणि त्याला कुणाचाच फोन येत नाही. शेवटी त्याची सून भाजी आणायला म्हणून बाहेर पडते आणि बूथवरून त्याला फोन लावते. एवढीच गोष्ट होती.

मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “माझं काही नाही. मामा काय म्हणतील?” स्वतःच्या वडिलांना ते असल्या वेळी माझ्या नात्याने मामा म्हणत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सासू-सासरे आले. मिस्टरांनी विषय काढला. मी स्वयंपाकघरात होते, म्हणजे चार हातांवर. सासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग सासूबाईंना म्हणाले, “तिला इचार, तोंडाला रंग लावावा लागतोय का?”

सासूबाईंनी मला विचारलं. मी हळूच सांगितलं, थोडा.

“थोडा लावावा लागतोय म्हणती.”

“काम कशाचं हाय?”

“सुनंचं हाय म्हणती.”

सासऱ्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, “डोक्यावर पदर ऱ्हाईल का?”

ही बातमी मी स्टेनोंना दिली तेव्हा त्यांनी ताबडतोब संहितेत नोंद केली. दुसऱ्या अंकात सून केस पुसत येते असं होतं. ते काढून ती पदर सावरत येते असं केलं. ते म्हणाले, “समोरच्या पार्टीची अट मान्य. रेकॉर्डवर घेतलं.”

तालमी एका कोचिंग क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाल्या. क्लास चालवणारे सर गणित शिकवायचे आणि नाटकात म्हातारा व्हायचे. वय पस्तीस, पण आवाज खडूने बसलेला, त्यामुळे शोभून जायचं. संध्याकाळची बॅच सुटली की बाकं भिंतीला लावून आम्ही उभे राहायचो. फळ्यावर त्रिकोणमिती असायची. सर ती पुसू द्यायचे नाहीत, कारण सकाळी तिथूनच पुढे शिकवायचं असे. म्हाताऱ्याला फोन येत नाही म्हणून तो डोळे पुसतो, त्या जागी सरांची नजर हमखास फळ्यावर जायची, आणि कधी कधी ते थांबून चूक दुरुस्त करायचे. नाटकातल्या म्हाताऱ्याच्या मुलाचं काम एक औषध दुकानदार करायचे. त्यांना वाक्यं कमी होती. दुकान सोडून येता येत नाही, म्हणून ती त्यांनीच कमी करून घेतली होती.

संहिता लघुलिपीत असल्यामुळे ती कुणालाच वाचता येत नव्हती. पहिले आठ दिवस स्टेनो वाचून दाखवत आणि आम्ही उतरून घेत असू. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून लिहिलेल्या माणसाला आता दुसरे आपलं ऐकून लिहितायत याचं केवढं समाधान होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. ते मुद्दाम सावकाश सांगायचे.

शहर कलेला मदत करत नाही असं लोक म्हणतात. मला तसा अनुभव नाही. आम्हाला इतकी मदत झाली की नाटक जवळजवळ त्याखाली गेलं.

सगळ्यात आधी मदत आली ती फर्निचरवाल्या आप्पांची. सुभाष रोडला त्यांचं मोठं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, गळ्यात लिंग, आणि नाटकाची खरी आवड. ते म्हणाले, “ताई, सोफा घेऊन जावा, कपाट घेऊन जावा, फोन ठेवायला तिपाई घेऊन जावा. शहराचं नाटक हाय. फक्त सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढू नका. मला तो नंतर विकायचाय.”

आम्ही प्लॅस्टिक काढलं नाही. त्यामुळे त्या सोफ्यावर कुणीही बसलं किंवा नुसतं हललं, तरी पापड भाजल्यासारखा आवाज यायचा. दोन तालमींनंतर स्टेनोंनी ठरवलं की महत्त्वाचं बोलणं सगळ्यांनी उभं राहून करायचं. सोफ्यावर बसायचं ते फक्त भांडणाच्या प्रवेशात. तिथे आवाज चालत होता.

एसटीडीचा बूथ करायला सुतार सापडत नव्हता. आप्पांनी त्यांचं कपाट दिलं होतंच. त्याची दोन्ही दारं काढली, वर पिवळ्या कागदावर काळी अक्षरं चिकटवली, आणि मी त्यात उभी राहिले. डोक्याच्या जरा वर साड्या अडकवायचा दांडा होता. पदर त्यात अडकू नये म्हणून मला किंचित वाकून फोन करावा लागे. स्टेनो म्हणाले, छान, त्यातून सुनेची परिस्थिती दिसते.

जागा मिळाली ती मंगल कार्यालयाची. पौष होता, लग्नं नव्हती, त्यामुळे मालकांनी ते दोन दिवस सहज दिलं. तिथे स्टेजच्या मागच्या भिंतीवर थर्माकोलच्या मोठमोठ्या अक्षरांत ‘शुभ विवाह’ असं कायमचं चिकटवलेलं होतं. मालक म्हणाले, “काढू नका, पुन्हा तसं लागणार नाही.” आम्ही पडदा लावायला गेलो तर आणलेला पडदा अर्धाच पुरला. त्याने ‘विवाह’ झाकलं. ‘शुभ’ राहिलं. एक गृहिणी आपल्या घरचा दिवाणावरचा पलंगपोस द्यायला तयार होती, पण त्यावर मोर होते. शेवटी ‘शुभ’च ठेवलं.

आणि मग केबलवाले आले. पूर्वी त्यांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. लग्नांची शूटिंगही तेच करायचे. आता अर्ध्या शहराच्या टीव्हीची वायर त्यांच्या घरातून निघायची. ते एकदम तालमीतच आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, “सर, आपलं नाटक मी लाइव्ह दाखवतो. घराघरात. कार्यालयापासून वायर टाकायची जिम्मेदारी माझी. आपल्या शहराचे कलाकार आहेत, आपण नाही करायचं तर कुणी?”

आम्हाला फार अभिमान वाटला. स्टेनोंनी उभं राहून त्यांचे आभार मानले. या गोष्टीचा परिणाम काय होईल, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. सरांच्यासुद्धा नाही, आणि ते गणित शिकवायचे.

प्रयोग रविवारी संध्याकाळी सहाला होता. पाच वाजता आम्ही रंग लावून तयार होतो. कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या होत्या, लग्नात असतात तशा, सगळ्या. त्यांवर माणसं मात्र पंचवीस-तीस होती. त्यात निम्मे मदत करणारे होते, कारण त्यांचा सत्कार होता.

पहिल्या रांगेत मधोमध माझे सासरे बसले होते. पांढरी टोपी, खांद्यावर शाल, हातात काठी. शेजारी सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर आमची मुलगी. ते येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून ते दिसले तसा मी आधी पदर डोक्यावर घेतला. मिस्टर विंगेत आले होते, त्यांना मी विचारलं, “मामांना कुणी आणलं?”

“ते आपले आपण आले. आई म्हणाली, सकाळपासून चालू होतं, चला लवकर, गाडी चुकल.”

आधी उद्घाटन झालं. एक पुढारी आले होते. नाटक म्हणजे समाजाचा आरसा आहे, असं ते म्हणाले, आणि आरसा पाहायला न थांबता गेले, कारण त्यांना आणखी एका एसटीडी बूथचं उद्घाटन करायचं होतं. मग सत्कार झाले. आप्पांचा झाला, कार्यालयाच्या मालकांचा झाला, माइकवाल्याचा, शिंप्याचा, पडदा देणाऱ्यांचा आणि ज्यांचा पलंगपोस आम्ही घेतला नव्हता त्या बाईंचाही झाला. सत्कार संपेपर्यंत सरांच्या केसांची पावडर उडून ते पुन्हा पस्तीसचे झाले होते. त्यांना परत म्हातारं करावं लागलं.

पहिला अंक सुरू झाला. केबलवाले खांद्यावर कॅमेरा घेऊन उभे होते, बाजूला एक माणूस लग्नाच्या शूटिंगचा प्रखर दिवा धरून. रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक करणं म्हणजे बंद स्टँडवर घोषणा करण्यासारखं. सर फोनजवळ बसून बोलत होते आणि त्यांचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता. मला कळेना, लोक कुठे गेले. शहरभर कागद चिकटवले होते. मी स्वतः स्टँडवरून दोनदा सांगितलं होतं. तसं सांगायची परवानगी नव्हती, पण गाडीच्या नावात मिसळून सांगितलं होतं.

लोक घरीच होते. पाय पसरून, चहा घेत, नाटक बघत होते.

आता केबलवाल्यांचा हात लग्नाच्या शूटिंगवर बसलेला. तिथे स्टेजवर काही चाललेलं असलं तरी पाहुणे टिपावे लागतात, नाहीतर तक्रार येते. दहा मिनिटं नाटक टिपल्यावर त्यांचा कॅमेरा सवयीने प्रेक्षकांकडे वळला. दिवाही वळला. पहिल्या रांगेत मधोमध सासरे ऐसपैस बसलेले, त्यामुळे कॅमेरा त्यांच्यावर थांबायचा. मग आप्पांवर जायचा. मग परत सासऱ्यांवर.

मध्यंतराच्या आधीच दारात पहिली स्कूटर आली. नवरा, बायको, दोन पोरं, सगळे नवे कपडे घालून. बाईंनी बसल्याबरोबर आप्पांच्या बायकोला विचारलं, “वहिनी, तुमी दिसल्या आमाला टीव्हीत. आमी पण दिसू का?”

त्यानंतर लोकांची रीघ लागली. रिक्षा भरून लोक आले. चालत आले. प्रत्येक घराने एक जण मागे ठेवला होता, आपण दिसलो का ते सांगायला. दुसरा अंक अर्धा होईस्तोवर खुर्च्या संपल्या, लोक भिंतींना टेकून उभे राहिले आणि दारात पायताणांचा ढीग झाला, का झाला कळलं नाही. मंगल कार्यालय आहे म्हणून सवयीने काढली असतील.

गर्दी झाली पण स्टेजकडे कुणी बघत नव्हतं. सगळी तोंडं कॅमेऱ्याकडे. कॅमेरा डावीकडे गेला की डावी बाजू नीट बसायची, उजवीकडे गेला की उजवी. बायका पोरांचे केस सारखे करत होत्या. एक माणूस हात हलवून घरी मागे ठेवलेल्याला काहीतरी सांगत होता. आवाज इतका वाढला की मला समोर उभ्या औषधवाल्यांची चार वाक्यंही ऐकू येईनात. त्यांनी दोनच म्हटली असावीत.

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, भांडणाच्या प्रवेशात, सर म्हातारपणातून बाहेर आले. ते सोफ्यावरून ताडकन उठले, प्लॅस्टिक कडाडलं, आणि त्यांनी तिपाईवर हात आपटला.

“लक्ष इकडे!”

कार्यालयातली निम्मी तरुण मंडळी सरांच्या हाताखालून गेलेली होती. ती जागच्या जागी गप्प झाली. त्यांना बघून त्यांचे आईबाप गप्प झाले. सर पुन्हा सावकाश खाली बसले आणि म्हातारे झाले.

त्या शांततेत माझा प्रवेश आला. मी कपाटात उभी राहिले. गर्दीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि चालू असलेला एकमेव माइकही गेला. विंगेतून स्टेनो हाताने खूण करत होते, मोठ्याने, मोठ्याने. मी दांड्याखाली वाकले, फोन कानाला लावला. विंगेत फोनची म्हणून सायकलची घंटी वाजली. सरांनी आपला फोन उचलला.

मी म्हणाले, “हॅलो, मामा, मी बोलतेय.”

आवाज दारापर्यंत गेला. पायताणांपर्यंत.

इथे सरांचं वाक्य होतं, ‘कोण बोलतंय?’ त्यांनी तोंड उघडलंही. पण त्याच्या आधी पहिल्या रांगेतून आवाज आला.

“हां. बोल.”

माझे सासरे. काठीवर दोन्ही हात ठेवून, सरळ माझ्याकडे बघत.

कुणी हसलं नाही. मला आजही त्याचं नवल वाटतं. हसण्यासारखंच होतं. कॅमेरा त्यांच्यावरच होता, ते मला नंतर कळलं. मी सरांकडे बघितलं. सरांनी कानाला लावलेला फोन तसाच धरला आणि डोळ्यांनी मला सांगितलं, चालू ठेव. पुढचं वाक्य माझं होतं. तेच होतं जे मी खिडकीत म्हणून दाखवलं होतं.

“जेवलात का?”

“जेवलो,” सासरे म्हणाले. “तू?”

हे संहितेत नव्हतं. मला कुणी या प्रश्नाचं उत्तर लिहून दिलेलं नव्हतं. मी खरंच जेवले नव्हते. 

“न्हाई,” मी म्हणाले. स्टेनोंनी मला नाटकात ‘नाही’ म्हणायला शिकवलं होतं.

“जेवून घे,” सासरे म्हणाले. “काम चालू दे.”

मला रडू यायचं कारण नव्हतं. नाटकातही सून तिथे रडत नाही, ती हसते. मी हसायचा प्रयत्न केला आणि दोन्ही एकदम झालं. त्याच्या पुढची वाक्यं मी पाठ केली तशी म्हटली, भाजी काय आणू, दुधाचं भांडं झाकलंय का, आणि सरांनी त्यांची उत्तरं दिली. पण लोक आता कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा सासऱ्यांकडे. विंगेत स्टेनो खाली बसून भराभर लिहीत होते. कुणी बोललं की लिहायचं, ही त्यांची सवय. तेवढ्या घाईतही त्यांनी सासऱ्यांचे सगळे शब्द उतरवून घेतले. नंतरच्या प्रयोगांत ते तसेच ठेवले. सर म्हणायचे ते, ‘हां, बोल’ पासून.

दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात बातमी आली. मान्यवरांची नावं होती, मदत करणाऱ्यांची होती, अगदी पडदा देणाऱ्यांचंही होतं. कलाकारांची राहून गेली. पण खाली समीक्षण होतं. ज्या घरात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत त्या घराच्या भिंतीवर ‘शुभ’ हा शब्द लावून लेखकाने आजच्या समाजाला चपराक मारली आहे, असं त्यात म्हटलं होतं. स्टेनोंनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

आप्पांचा सोफा आठ दिवसांत विकला गेला. टीव्हीतला सोफा पाहिजे, असं म्हणून नेला.

शहराने माझे सत्कार केले. महिला मंडळाने केला, शिंप्यांच्या संघटनेने केला, एका पतसंस्थेने केला. तीन शाली झाल्या. एका सत्काराला सासऱ्यांनाही बोलावलं आणि स्टेजवर बसवलं. सूत्रसंचालकांनी त्यांना ज्येष्ठ रंगकर्मी म्हटलं. त्यांनी नारळ तेवढा सांभाळून घरी आणला. मला वाटलं होतं, आता घरी काहीतरी बदलेल. पुढच्या बाजाराला ते आले, पाटावर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, “तिला म्हणावं, च्यात साखर कमी टाक.” त्या संध्याकाळी ते भान हरपून बोलले की जाणूनबुजून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं कसं, हाही प्रश्नच होता. सासूबाईंमार्फत विचारावं लागलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात आम्हाला उमापूरहून बोलावणं आलं. गेवराई तालुक्यातलं ते मोठं गाव. टेम्पोत कपाट आडवं घालून, त्याच्या आत बाकीचं सामान भरून आम्ही गेलो. शाळेच्या मैदानात प्रयोग झाला. तिथे केबल नव्हती, त्यामुळे सगळं गाव आलं आणि सगळं गाव स्टेजकडे बघत बसलं. आम्हाला त्याची सवय नव्हती. औषधवाले दोनदा चुकले.

प्रयोग झाल्यावर वर्गखोलीत मी रंग पुसत होते. एक बाई आत आली. माझ्याहून लहान, पंचविशीची असेल, अंगणवाडीत शिकवायची. दाराशीच उभी राहून म्हणाली, “ताई, तुमच्या नाटकात मला घेत्याल का?”

मी तिला स्टेनोंकडे नेलं. ते खोक्यात फोन बांधत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “पाठांतर होईल?”

“हे झालंय,” ती म्हणाली.

“हे म्हणजे?”

तिने तिथेच, बाकाला हात टेकून, तिसरा अंक म्हणायला सुरुवात केली. माझी वाक्यं म्हटली, सरांची म्हटली, औषधवाल्यांची म्हटली, त्यांनी गाळलेली दोन सोडून. मधे घंटी वाजते, ती तोंडाने वाजवली. एकदाच पाहिलं होतं तिने. सर खडूचे डाग पडलेल्या शालीत गुंडाळून घेऊन ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, “ही माझ्या क्लासला असती तर.”

“घरचे येऊ देतील?” स्टेनोंनी विचारलं.

“का म्हून न्हाई? ह्या ताईंचं येऊ देत्यात की.”

ती येऊ लागली. शनिवारी दुपारच्या गाडीने यायची, आमच्याकडे राहायची, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायची. तिचा आवाज माझ्याएवढा नव्हता, पण ती बोलायला लागली की माणूस ऐकायला पुढे वाकायचा. हे स्टेनोंच्या ध्यानात आलं तसं माझ्याही आलं. त्यांनी नवीन नाटक लिहायला घेतलं, आणि ते पूर्ण झाल्यावर आम्हाला शेडमध्ये बसवून नेहमीसारखं सावकाश सांगायला लागले. आम्ही उतरून घेत होतो. पहिलं पान झाल्यावर मला समजलं की सुनेचं काम तिचं आहे.

मला सासूचं दिलं होतं. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. केसांना पावडर सरांच्याच डब्यातली लावायची, असं ठरलं.